पंप खोलण्याआधी टाकीपासून सुरुवात करा

कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून (रेल) डिझेल देणारी गाडी घाटात ओढेनाशी झाली, चेक लाईट लागली, स्कॅनरवर रेल प्रेशर कमी असा कोड आला, की निकाल ठरलेला असतो, पंप गेला. मी नाशकात डिझेल पंप आणि नोझलचंच काम करतो, पंप खोलणं हाच माझा धंदा आहे, तरी ठामपणे सांगतो की पंप गेला म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा पंप ठणठणीत असतो. दोष असतो पंपाच्या आधी, म्हणजे टाकी, पाईप, फिल्टरमध्ये, नाहीतर पंपाच्या नंतर, म्हणजे रेल आणि इंजेक्टरमध्ये, आणि मधल्यामध्ये गरिबाची पिकअप चार दिवस उभी राहते आणि पंपाचा खर्च डोक्यावर बसतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, गाडीमालकांसाठी पण आणि नवीन शिकणाऱ्या पोरांसाठी पण.

आधी हे समजून घ्या की हा गोंधळ होतो कुठून. जुन्या इनलाइन पंपात सगळा कारभार पंपातच होता. किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, आरपीएम वाढला की कुठे कापायचं, हे पंपातलेच भाग, रॅक, एलिमेंट, गव्हर्नर, मिळून ठरवायचे. बॉशने असे पंप १९२७ मध्ये कारखान्यात काढायला सुरुवात केली आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेकॅनिक लोक मायकोच्या पंपावर हात बसवत मोठे झाले. नाशिकमध्ये तर कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी रिक्षावाल्याला अजून मायको सर्कलच सांगावं लागतं. त्या काळात गाडी धूर मारते, पिकअप नाही, मिसिंग आहे, काही असलं तरी पंप काढा, टेस्ट बेंचवर लावा, किती सीसी डिझेल देतो ते मोजा, हे बरोबरच होतं कारण दोष खरंच तिथे सापडायचा.

कॉमन रेलमध्ये पंपाचं काम एकच उरलं, प्रेशर तयार करणं. किती डिझेल जाईल आणि कधी जाईल हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो आणि इंजेक्टर उघडून तो ते करतो. पंपावर एक मीटरिंग युनिट बसलेलं असतं, कोणी त्याला एमप्रॉप म्हणतं, कोणी एससीव्ही, ते पंपाच्या आत किती डिझेल सोडायचं तेवढं बघतं. रेलवर प्रेशर सेन्सर असतो, तो ईसीयूला सांगतो की आत्ता इतके बार आहेत, ईसीयू ते बघून मीटरिंग युनिट कमी-जास्त करतो, असं सेकंदाला कितीतरी वेळा चालू असतं. १९९७ ला अल्फा रोमिओ १५६ मध्ये ही सिस्टिम कारमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा १३५० बारवर होती, आता १६००, १८००, २००० बार सर्रास. जुनं नोझल साधारण २०० बारला उघडायचं, यावरून अंदाज घ्या. पण मुद्दा असा की प्रेशर कमी दिसतंय म्हणजे पंप प्रेशर बनवत नाहीये असं होत नाही. पंपाला डिझेलच पोचत नसेल, किंवा बनवलेलं प्रेशर पुढे कुठेतरी गळून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जात असेल, किंवा सेन्सरच चुकीचं सांगत असेल, तरी कोड तोच येतो, पी००८७. कोड म्हणजे तक्रार आहे, निदान नाही.

मी स्कॅनर लावायच्या आधी ड्रायव्हरला बोलतं करतो. मालकाला नाही, ड्रायव्हरला, कारण गाडी तो चालवतो. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला उठते का, गरम झाल्यावर बंद केली तर परत चालू व्हायला वेळ घेते का, रिकामी असताना त्रास देते की फक्त भरलेली असताना, टाकी अर्ध्याच्या खाली गेली की जास्त होतं का, फिल्टर शेवटचा कधी आणि कुठला टाकला, डिझेल पंपावरून भरता की ड्रममधून. या प्रश्नांत अर्धी गाडी सापडते. गरम झाल्यावर चालू होत नाही पण थंडीत पटकन होते तर माझं डोकं आधी इंजेक्टरच्या रिटर्नकडे जातं. रिकामी व्यवस्थित आणि लोडवर लिंपला जाते, म्हणजे ईसीयू ताकद कापून गाडी रेंगाळत चालवतो, तर सक्शनकडे, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लाईनकडे, जातं. उभ्या उभ्या आयडलवर आरपीएम वरखाली होतोय तर हवा किंवा मीटरिंग युनिट.

मग स्कॅनर. कोड वाचून झाला की लगेच डिलीट करू नका, हे पोरांना किती वेळा सांगितलं तरी करतातच, त्या कोडसोबत फ्रीझ फ्रेम सेव्ह असते, म्हणजे कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिनाचं टेम्परेचर किती, प्रेशर किती होतं हे सगळं, आणि ते डिलीट बरोबर उडून जातं. ते वाचा, फोटो काढून ठेवा. मग लाईव्ह डेटा. इंजिन बंद, गाडी बराच वेळ उभी, फक्त चावी ऑन, रेल प्रेशर शून्याच्या जवळ पाहिजे आणि सेन्सरच्या सिग्नल वायरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. तिथेच जर पन्नास-साठ बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थची वायर तपासा, पंपाला हात लावू नका. मग सेल्फ मारताना बघा. बऱ्याच गाड्यांत साधारण १५० ते २०० बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, म्हणजे सेल्फ फिरतोय पण धूरसुद्धा येत नाही अशी गाडी असेल तर ते आकडे बघा, आणि त्याच वेळी बॅटरीचा व्होल्ट आणि सेल्फचा आरपीएम पण बघा, बॅटरी कमजोर असेल तर पंप पुरेसा फिरतच नाही आणि बिचाऱ्या पंपाचं नाव खराब होतं. चालू झाल्यावर आयडलला अडीचशे ते साडेतीनशेच्या दरम्यान कुठेतरी स्थिर असावं, गाडीप्रमाणे बदलतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा, ईसीयूने मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्षातलं प्रेशर. हे दोन एकमेकांच्या मागे मागे चालले पाहिजेत.

आता एक गाडी सांगतो म्हणजे हे सगळं कसं जुळतं ते दिसेल. पिंपळगावकडची पिकअप, टोमॅटो घेऊन वाशीला जाते आणि येताना किराणा भरून येते. जाताना काही त्रास नाही कारण कसारा घाट उतरायचा असतो. येताना भरलेली गाडी कसारा चढायला लागली की अर्ध्यात चेक लाईट, गाडी लिंपला, दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत वर यायचं, वर येऊन बंद करून चालू केली की परत नीट. एका ठिकाणी स्कॅन करून पंप बदलायला सांगितलं होतं. मालक माझ्याकडे आला तो थेट म्हणाला, “भाऊ, पंप उतरवा, किती पैसे लागतील तेवढं सांगा.” मी म्हटलं, “अण्णा, पंप पळून जात नाही, आधी गाडी चालवून बघू.”

आयडलला प्रेशर मस्त स्थिर. उभ्याने रेस दिली तरी मागितलं तेवढं मिळतंय. म्हणून गाडी भरूनच चढावर नेली, पोराला शेजारी लॅपटॉप घेऊन बसवला. तिसऱ्यात पूर्ण दाबल्यावर ईसीयू १२०० मागतोय, आधी मिळाले पण, मग हळूहळू अकराशे, नऊशे, साडेसातशे, आणि लाईट. त्याच वेळी मीटरिंग युनिटचा करंट बघितला तर ईसीयूने तो पार खाली आणलेला. हे नीट समजून घ्या. बॉशच्या बऱ्याच पंपांत मीटरिंग युनिट करंट नसताना पूर्ण उघडं असतं, करंट वाढवला की बंद होत जातं, म्हणजे इथे ईसीयू दार सताड उघडून बसलाय आणि म्हणतोय दे जेवढं आहे तेवढं, आणि तरी येत नाहीये. म्हणजे वायरिंगचा आणि ईसीयूचा प्रश्न संपला. उरल्या तीन गोष्टी, पंपाला डिझेल पोचत नाही, पंप झिजलाय, किंवा पुढे गळती आहे. प्रेशर एकदम न पडता हळूहळू उतरत गेलं हे मला खटकलं. झिजलेला पंप किंवा गळका इंजेक्टर असता तर सेल्फ मारताना आणि आयडलला काहीतरी चुणूक दिसली असती, विशेषतः गरम इंजिनात.

गळतीचं आधी मिटवलं. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या आणि मापाच्या बाटल्या लावल्या, चारही जवळपास सारख्या भरल्या. रेलच्या टोकाला प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह असतो त्याचा रिटर्न सुटा केला, तिथून थेंबही नाही. मग पंपाच्या आधीच्या लाईनमध्ये पारदर्शक पाईपचा तुकडा आणि व्हॅक्युम गेज टाकला. या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, हाय प्रेशर पंपाच्या मागे गिअरचा छोटा फीड पंप आहे, तोच फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. पाईपमध्ये बुडबुडे जवळपास नाहीत, म्हणजे हवा घेत नाही. पण रेस धरून ठेवली तशी गेजची सुई हळूहळू व्हॅक्युमकडे सरकत गेली. फीड पंप जीव तोडून ओढतोय आणि मागून येत नाहीये. फिल्टर नवीन टाकून बघितला, फरक नाही. मग बोनेटजवळ स्वच्छ डिझेलचा कॅन बांधला, सक्शन थेट कॅनमधून फिल्टरला, आणि परत त्याच चढावर. १२०० मागितले, १२०० मिळाले, वरपर्यंत. पंपाचं निर्दोषत्व इथे सिद्ध झालं आणि ते करायला पंपाचा एक नटसुद्धा ढिला करावा लागला नाही.

टाकी उतरवली. सक्शन पाईपच्या टोकाला जी जाळी असते ती बोटांनी धरली तर बुळबुळीत, काळपट तपकिरी थर, शेवाळासारखा, आणि त्यात गोणपाटाचे धागे गुंतलेले. टाकीच्या तळाला पाणी, ते पण टॉर्च मारल्यावर दिसलं, डिझेलखाली वेगळं चमकत होतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढते, पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी राहिली की आतली दमट हवा थंड होऊन पाणी तळाला बसतं, आणि ड्रमातून भरताना गोणपाटाने गाळायची सवय असेल तर धागे जातात. कमी डिझेल लागतं तेव्हा त्या जाळीतून पुरेसं जातं, म्हणून आयडल ठीक, रिकामी गाडी ठीक. घाटात पूर्ण लोडवर जास्त लागलं की जाळी चिकटून बसते, गाडी बंद केली की ओढ संपते, थर सुटतो आणि परत चालू केल्यावर नीट चालते. ड्रायव्हर सांगत होता ते सगळंच खरं होतं. टाकी धुऊन वाळवून लावली, जाळी बदलली, फिल्टर दोन्ही नवे, मग परत तेच गेज लावून चढावर नेली आणि सुई जागची हलली नाही तेव्हाच गाडी दिली.

गरम झाल्यावर न उठणाऱ्या गाड्यांचं वेगळं असतं. डिझेल गरम झालं की पातळ होतं, झिजलेल्या जागेतून जास्त गळतं, सेल्फच्या कमी आरपीएमवर पंप जेवढं देतो तेवढं रिटर्नलाच निघून जातं आणि प्रेशर शंभराच्या पुढे सरकत नाही. इथे बाटल्यांची टेस्ट सेल्फ मारतानाच करायची. एखादी बाटली पटापट भरायला लागली की तो इंजेक्टर पकडला. असा एक इंजेक्टर बाकीच्या तिघांची आणि पंपाची अशी सगळ्यांची इज्जत घालवतो. आणि इंजेक्टर बदलला की त्याच्या डोक्यावर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूत घालायचाच, तो नंबर म्हणजे तो इंजेक्टर बेंचवर कसा चालला त्याची नोंद आहे, न घालता गाडी चालते हे खरं पण आयडलला खडखड आणि धूर राहतो आणि मग परत पंपाकडे बोट.

वायरिंगबद्दल थोडक्यात. मीटरिंग युनिटचं कनेक्टर काढून रेझिस्टन्स बघा, बॉशच्या बऱ्याच युनिटला थंडीत तीन ओहमच्या आसपास मिळतो, पण नुसता रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून युनिट चांगलं असं समजू नका, आत पिस्टन चिकटत असेल तर मल्टिमीटरला ते कळत नाही, लाईव्ह डेटात प्रेशर करवतीसारखं वरखाली दिसतं. इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवून बघा, ब्रॅकेटला घासून तुटत आलेली वायर अशीच सापडते. बॅटरी ते ईसीयू अर्थ पण बघा, तो गंजलेला असेल तर एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड येतात आणि माणूस गोंधळतो.

आता जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. जुन्या इंजिनावर मिसिंग शोधायला चालू गाडीत नोझलच्या पाईपचा नट ढिला करायची पद्धत होती, माझ्या हाताखालच्या जुन्या मिस्त्रींचे हात अजून आपोआप तिकडे जातात. कॉमन रेलवर हे कधीही, कधीही करू नका. हजार बारच्या वरची ती धार हातमोजा आणि कातडी दोन्ही फोडून आत जाते. बाहेर सुईच्या टोचण्याएवढं भोक दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो, आणि आत डिझेल मांसात पसरत असतं. काही तासांत बोट, कधी अख्खा हात धोक्यात येतो. असं झालं तर क्षणाचा विचार न करता मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की हाय प्रेशरने डिझेल आत गेलंय, नुसतं लागलंय असं सांगू नका. गळती शोधताना हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवा. इंजिन बंद केल्यावर लगेच पाईप खोलू नका, काही मिनिटं थांबा, स्कॅनरवर प्रेशर शून्य बघा मग पाना लावा. चालू इंजिनात इंजेक्टरचं कनेक्टर पण ओढू नका, तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट असतात. आणि इंजेक्टरला थेट बॅटरीचे बारा व्होल्ट देऊन टिकटिक ऐकणं पण बंद करा, कॉइल जळते.

फिल्टर बदलल्यावर हँड प्रायमर कडक होईपर्यंत मारा, हा कंटाळा करण्याचा विषय नाही. हा पंप डिझेलवरच वंगण घेतो, त्याला वेगळं ऑइल नाही, कोरडा फिरवला की प्लंजर, म्हणजे आतला दाब देणारा दांडा, ओरखडतो आणि तिथली फट दोन-तीन मायक्रॉनची आहे, माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. याच कारणाने डिझेलात रॉकेल हा विषय इतका गंभीर आहे. एप्रिल २०२० पासून बीएस ६ डिझेलात सल्फर १० पीपीएमवर आलं, सल्फर काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणा पण कमी होतो म्हणून रिफायनरी त्यात वंगणाचं अ‍ॅडिटिव्ह घालते, आणि झिजेच्या टेस्टमध्ये घासून पडणाऱ्या खुणेची मर्यादा ४६० मायक्रॉन ठेवलेली आहे. त्यात रॉकेल मिसळलं की तो सगळा हिशोब बिघडतो. जुना इनलाइन पंप सहन करून जायचा कारण बऱ्याच पंपांत कॅमला वेगळं ऑइल होतं. हा नाही करत.

पंप खरंच जातो तेव्हा तो पुरावा सोडतो. मीटरिंग युनिट काढा, त्याच्या बारीक जाळीवर बघा, जुना फिल्टर फेकून न देता कापा, कागद उलगडून उन्हात धरा. चांदीसारखी बारीक चमकी दिसली, लोहचुंबक फिरवल्यावर हलली, तर वाद संपला, पंप आतून खातोय. काहीच नाही सापडलं, सप्लाय बरोबर, रिटर्न बरोबर, सेन्सर बरोबर, आणि तरी प्रेशर येत नाही, तर मी पंप काढून बेंचवर लावतो आणि मालकासमोर रिपोर्टचा कागद काढून देतो.

आणि चमकी सापडली असेल तर नुसता पंप बदलून गाडी सोडणारा माणूस त्या मालकाचं दुप्पट नुकसान करतो, कारण चमकी पुढे रेलमध्ये, पाईपांत, इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत आणि रिटर्नमधून मागे टाकीपर्यंत पोचलेली असते. टाकी उतरवून धुवायची, लाईन फुंकून काढायच्या, रेल साफ करायची किंवा बदलायची, हाय प्रेशर पाईप शक्यतो नवे, इंजेक्टर बेंचवर तपासून आणि लागले तर बदलून, त्यांचे कोड घालून, फिल्टर नवा. खर्च मोठा होतो, मालक कुरकुरतो, पण मी हे सगळं आधी कागदावर लिहून देतो आणि यातलं एकही गाळून काम घेत नाही. गाडी दिल्यावर हजार-दीड हजार किलोमीटरला परत बोलावतो आणि तोच फिल्टर पुन्हा कापून बघतो. कागद स्वच्छ निघाला की काम झालं, एक कण जरी चमकला तर गाडी परत आत.